दुनळीचे अभ्यंगस्नान

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत बंदुकीचा उपयोग गोळी झाडण्यासाठी होतो अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी ती मोठ्या मनाने सोडून द्यावी. बंदूक ही येथे स्थावर मालमत्तेच्या सदरात मोडते. सातबाऱ्यावर तिची नोंद होत नाही एवढीच काय ती उणीव. बाकी वारसाहक्काने ती चालत येते, तिच्यावरून भावाभावांत अबोला धरला जातो, तिच्या कागदपत्रांची स्वतंत्र गाठोडी बांधली जातात, आणि ज्याच्या नावावर ती असते तो गृहस्थ लग्नाच्या पंगतीत इतरांपेक्षा चार बोटे उंच बसतो. निजामी अमलात ज्या घरांकडे पाटीलकी, देशमुखी अथवा कसलीशी इनामदारी होती, त्यांपैकी कित्येकांच्या माजघरात एखादी दुनळी खुंटीला टांगलेली असे आणि तिच्या परवान्यावर अव्वल तालुकदाराची उर्दू मोहर असे. ती मोहर वाचू शकणारी मंडळी आता घरात उरली नाहीत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे उरलेसुरले निमित्तही काढून घेतले, आणि दरोडेखोरांनी भिंती फोडण्याचा त्रासदायक व्यवसाय सोडून मोबाइलवरून दरोडे घालण्यास आरंभ केला. तरी बंदूक काही खुंटीवरून खाली आली नाही. तिने फक्त आपला रंग सोडला.

आमच्या थोरल्या दाजींची दुनळी या रंग सोडलेल्या वर्गातली. जुन्या नांदेडात गोदावरीच्या अंगाला त्यांचा वाडा आहे, आणि त्यांच्या आजोबांनी ती बंदूक हैदराबादेहून हाली रुपये मोजून आणली तेव्हा गल्लीत साखर वाटली गेली, असे आमच्या अक्काच्या सासूबाई सांगत असत. बंदूक बर्मिंगहॅमची, बारा बोअरची, बाहेर दोन डौलदार घोडे असलेली. नळ्यांच्या बुडाशी तिथल्या प्रूफ हाउसचे शिक्के आहेत. १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून ती उडवून पाहते आणि जी फुटत नाही तिच्यावर आपली मुद्रा उमटवते. म्हणजे मनुष्याच्या बाबतीत जी परीक्षा लग्नानंतर होते, ती बंदुकीच्या बाबतीत विक्रीपूर्वीच उरकली जाते. अशा कसोटीला उतरलेल्या या नळ्या एके काळी काळ्याभोर होत्या असे दाजी शपथेवर सांगतात. आम्ही पाहत आलो ती नळी मात्र कुठे करडी, कुठे तांबडी आणि माशीच्या आसपास चक्क नारिंगी होती.

या ऱ्हासाचे खापर काळावर फोडण्याचा प्रघात आहे. आमच्या मते ते धर्मावर फोडणे अधिक न्याय्य होईल. दरवर्षी खंडेनवमीला बंदूक खाली उतरवायची, तिच्यावर पाणी शिंपडायचे, ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटे नळीवर उमटवायची, झेंडूची ओली माळ तिच्या गळ्यात घालायची, समोर नारळ फोडून त्याच्या पाण्याचे चार थेंब तिलाही पाजायचे, आणि मग देवीचे कुंकू पुसू नये म्हणून ती तशीच पुन्हा खुंटीला अडकवून द्यायची, हा क्रम तीन पिढ्या निष्ठेने पाळला गेला. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी, हवा आणि किंचित क्षार एवढेच साहित्य लागते. आमच्या शस्त्रपूजेत ते सर्व मुहूर्त पाहून पुरवले जाते. परिणामी डाव्या नळीवर अक्काच्या सासूबाईंची आणि उजवीवर खुद्द अक्काची पाच बोटे अशी काही खोल रुतून बसली होती की घराण्याच्या स्त्रीवंशाचा तेवढाच लेखी पुरावा म्हणून ती न्यायालयात दाखल करता आली असती. उरलेले काम लोकशाहीने केले. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी शस्त्रे ठाण्यात जमा करावीत असा हुकूम निघतो, आणि मालखान्यातील हवा ही धातूंच्या प्रकृतीला मानवणारी हवा नव्हे.

तरीही दाजी स्वस्थ होते. त्यांची झोप उडवली ती त्यांच्या नातवाने. सुटीत आलेल्या या चिरंजीवांनी खुंटीकडे बोट दाखवून, "आजोबा, हा पाइप कशाचा?" असा निरागस प्रश्न केला, आणि त्याच रात्री दाजींनी बंदुकीला पुन्हा काळा रंग चढवण्याचा, तोही घरच्या घरी चढवण्याचा, संकल्प सोडला.

आम्ही तहसिलीत पेशकारी करून निवृत्त झालेले असल्यामुळे संकल्पाच्या कायदेशीर बाजूचा विचार आमच्याकडे आला. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम असे की परवान्यावाचून शस्त्रांची निर्मिती, विक्री, बदल वा दुरुस्ती करता येत नाही. ही कामे अधिकृत व्यापाऱ्याची. आणि आठवे कलम असे की शस्त्रावरील नाव, क्रमांक अथवा कोणतीही ओळखीची खूण खोडणे, काढणे वा बदलणे हा गुन्हा. ही दोन्ही कलमे आम्ही दाजींना वाचून दाखवली. त्यावर दाजी म्हणाले, "दुरुस्ती कामून म्हणता? दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची असते. ही बिघडलेली न्हाई, मळलेली हाय. मी तिला आंघोळ घालायलोय." शिवाय, ते पुढे म्हणाले, ज्या गावात दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते, जिथे गोदावरीचे पाणी घागरी भरभरून हुजूर साहिबला नेले जाते आणि दशमेश गुरूंची शस्त्रे त्याने शुचिर्भूत होतात, जिथे रोज सायंकाळी त्या शस्त्रांचे दर्शन हजारो लोक घेतात, त्या गावात एका गरीब गृहस्थाने आपले शस्त्र धुतले तर कोणते कलम आडवे येणार?

युक्तिवादात दम होता, आणि एक अप्रिय सत्यही होते. गुरू गोविंदसिंगांनी याच गावी १७०८ साली देह ठेवला. तीनशेहून अधिक वर्षे या गावाने पोलादाची निगा कशी राखावी याचा पाठ भरचौकात चालवला आहे. आणि पलीकडच्या गल्लीतले आम्ही लोक मात्र कुंकू लावून मोकळे. शेवटी तडजोड अशी झाली की आतल्या कळसूत्राला कोणी हात लावू नये, घोडे-चाप जसे आहेत तसे राहावेत, आणि नळीच्या बुडाशी जिथे क्रमांक व शिक्के आहेत त्या दोन इंचांवर चिकटपट्टी मारून ती जागा संपूर्णपणे अस्पृष्ट ठेवावी. ही शेवटची अट आमची. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या मनुष्याला क्रमांकाविषयी जे ममत्व वाटते ते इतरांना समजणार नाही.

पहिली धाव अर्थातच शिकलगारांकडे. शस्त्रांना धार आणि झळाळी देणे हा या शीख मंडळींचा पिढीजात हुन्नर. मराठवाड्यात त्यांच्या वस्त्या आहेत, आणि आज पोटासाठी ते कढया, चाकू, विळ्या, कोयते असा संसारोपयोगी माल घडवतात. दाजींनी पिशवीतून नळीचे केवळ एक टोक बाहेर काढले, आणि त्या वृद्ध कारागिराने ते एका नजरेत पाहून पिशवी स्वतःच्या हाताने बंद केली. "तलवार आना, साहेब. जंबिया आना. कोयता, विळी, काय वाटल ते आना. बंदूक घरी न्या." असे सांगून त्याने आम्हांला चहा पाजला. त्याला पाचवे कलम ठाऊक होते. निवृत्त पेशकाराला ते वाचून दाखवावे लागले नाही याचे आम्हांला मनातून कौतुक वाटले. नांदेडपासून फारशा दूर नसलेल्या, आता तेलंगणात गेलेल्या कोनासमुद्रम गावी एके काळी असे पोलाद तयार होई की ते खरेदी करण्यासाठी इराणचे व्यापारी खुष्कीचा आणि दर्याचा प्रवास करून येत आणि भट्टीपाशी तळ ठोकत. त्याच प्रदेशातले आम्ही दोघे त्या दिवशी वजिराबादेतल्या हार्डवेअरच्या दुकानात बारीक दाण्याचा पॉलिश पेपर मागत उभे होतो, आणि दुकानदार विचारत होता, "कूलरला लावायचाय का?"

यानंतरचा पंधरवडा सल्लागारांचा होता. वाड्यात बंदूक खाली उतरली आहे ही वार्ता गावात पसरली आणि ज्यांनी आयुष्यात पिचकारीपलीकडे काही हाताळले नव्हते असे लोक धातुशास्त्रावर बोलू लागले. बुलेट गाड्यांचे सायलेन्सर चमकवणारा एक तरुण निकेल चढवून देतो म्हणाला. तसे केले असते तर बंदूक बँडवाल्यांच्या पथकात खपून गेली असती. शेजारच्या सोनारकाकांनी भट्टीचा मार्ग सुचवला. घासून लख्ख केलेले पोलाद तापवले की ते प्रथम गवती पिवळे, मग जांभळे आणि तीनशे अंशांच्या सुमारास गडद निळे होते, हे त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे. घड्याळाचे काटे असेच निळे करतात. परंतु दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी ही कथील-शिशाच्या झाळीने जोडलेली असतात, आणि ती झाळ दोनशे अंशांच्या अलीकडेच वितळू लागते. म्हणजे रंग येण्यापूर्वीच दुनळीच्या दोन एकनळ्या झाल्या असत्या, आणि दोन परवाने काढावे लागले असते. कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवून जो काळा रंग देतात तोही याच कारणाने बाद झाला, कारण कॉस्टिक झाळ खाऊन टाकते. दाजींच्या पुण्याच्या पुतण्याने एक लहानशी बाटली मागवून दिली; तिच्यातले सेलेनियमयुक्त पाणी नुसते पुसताच लोखंड काळे होते अशी तिची ख्याती. लोखंड काळे झाले खरे, तथापि त्याहून अधिक काळे दाजींचे धोतर झाले, आणि चार दिवसांत रंग जो काही राहिला तो धोतरावरच.

बिदरच्या मातीचे प्रकरण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. दाजींच्या माजघरात बिदरी कामाचे एक जुने पानदान आहे. गर्द काळ्या अंगावर चांदीच्या वेली, आणि इतकी वर्षे पानसुपारी खाऊनही त्याचा काळा रंग यत्किंचित हललेला नाही. बंदुकीकडून पानदानाकडे आणि पानदानाकडून बंदुकीकडे पाहता पाहता दाजींना साक्षात्कार झाला की हाच तो रंग. बिदरचे कारागीर हा रंग किल्ल्यातील मातीने आणतात. जुन्या इमारतींच्या आडोशाची, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली ती क्षारयुक्त माती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात, भांडे त्यात बुडवतात, आणि ते काळे होऊन बाहेर येते, चांदी मात्र पांढरीच राहते. माती चांगली की वाईट हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. उदगीरच्या भाच्याला हुकूम सुटला. त्याने पत्र्याच्या डब्यातून माती आणली. ती किल्ल्यातली की बिदर बसस्थानकामागची याची ग्वाही देणारे कोणी नव्हते, म्हणून दाजींनी ती स्वतः चाखून पाहिली आणि डोळे मिटून "हीच" असा निर्वाळा दिला. अक्का चौकटीत उभी होती. "लहानपणी माती खाल्ली म्हनून लेकरांना चोपायचे, अन् आता सत्तरीत सोताच खायलात," एवढेच बोलून ती आत गेली.

आता बिदरी भांडे हे जस्ताचे असते. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे त्याचे साधारण प्रमाण. लोखंडाचा त्या मातीशी काही वंशसंबंध नाही. नळीच्या एका कोपऱ्यावर दाजींनी तो काढा लावून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काळ्या रंगाऐवजी भरघोस, लालबुंद, ताजा गंज आलेला होता. दाजी खिन्न झाले. आम्हीही त्यांच्या खिन्नतेत सहभागी होणार, तोच एका निवृत्त वनाधिकाऱ्यांच्या कपाटातून डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा बंदुकांवरचा १८८१ साली प्रथम निघालेला जाडजूड ग्रंथ हाती आला, आणि नळ्यांना रंग देण्याचे प्रकरण वाचता वाचता आम्ही थक्क झालो. ज्याला घालवण्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, तो गंज हाच रंग होता.

गोष्ट अशी की बंदुकीच्या नळीवरचा जुना, उत्तम, पिढ्यान्पिढ्या टिकणारा काळा रंग हा मुळी वरून फासलेला रंग नव्हेच. नळी स्वच्छ घासून तिला आम्लाचे पाणी लावतात आणि दमट जागी मुद्दाम गंजू देतात. मग हा तांबडा गंज चढलेली नळी निर्मळ पाण्यात उकळतात. उकळीबरोबर तांबड्या गंजाचे काळ्या गंजात रूपांतर होते. हा काळा गंज म्हणजे लोहचुंबकाच्या दगडात असतो तोच पदार्थ. वर सुटलेली काजळी मऊ तारेच्या ब्रशाने झाडून टाकायची, पुन्हा पाणी लावायचे, पुन्हा गंजवायचे, पुन्हा उकळायचे; असे सात-आठ वेळा केले की काळ्या गंजाचा एक घट्ट, पातळ थर बसतो आणि तो तांबड्या गंजाला सहजासहजी आत शिरू देत नाही. चोरालाच चौकीदार नेमण्याची ही युक्ती संस्थानी कारभारात आम्ही पुष्कळ ऐकली होती, परंतु रसायनशास्त्रातही ती मान्य आहे हे नव्याने कळले. जुन्या पाककृतींत मोरचूद, नवसागर यांबरोबर रसकापूरही असे. तो जालीम विष असल्यामुळे आमच्या ओळखीच्या रसायनाच्या प्राध्यापकांनी तो देण्यास साफ नकार दिला आणि त्याऐवजी लोखंड विरघळवलेल्या आम्लाचे सौम्य पाणी आपल्या देखरेखीखाली करून दिले.

नळीवरचे जुने थर घासून काढण्याच्या वेळी अक्काने एकदाच हरकत घेतली. "सासूबाईंची बोटं हायेत ती," ती म्हणाली. दाजी पॉलिश पेपर हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. चाळीस वर्षे जिच्या बोटांच्या इशाऱ्यावर हे घर चालले तिची बोटे पुसण्याचे धैर्य त्यांना अजूनही होत नव्हते. शेवटी अक्कानेच धुण्याच्या सोड्याचे पाणी आणून ठेवले. बोटे गेली, पण जिथे गंज खोल उतरला होता तिथे खळगे राहिले, आणि निरखून पाहणाऱ्याला आजही तिथे करंगळी दिसते.

यापुढचा प्रकार मराठवाड्याच्या हवामानाने घडवला. महिना वैशाखाचा होता. नांदेडचा पारा बेचाळीसच्या वर, हवेत ओलाव्याचा लवलेश नाही, आणि जी बंदूक साठ वर्षे कोणी न सांगता गंजत आली तिला आता सर्व घर हात जोडून गंजण्याची विनंती करीत असता ती गंजेना. आम्लाचे पाणी लावावे तर ते बोट उचलण्यापूर्वी वाळे. सकाळी नळी पाहावी तर तशीच निर्लेप, पांढरी, उद्धट. दाजींनी ती प्रथम कूलरपुढे टांगली, त्यामुळे झोपायला आलेल्या पाहुण्यांना बंदुकीच्या नळीच्या अंगावरून आलेला वारा घ्यावा लागला आणि दोघे दुसऱ्याच दिवशी काम निघाल्याचे सांगून गावी परतले. मग ती न्हाणीघरात गेली. बंब पेटवून, दार लावून, नळ्यांच्या दोन्ही तोंडांना लाकडी बुचे मारून तिला वाफेत टांगून ठेवण्यात आले, आणि त्या काळात घरातील इतर सर्वांच्या स्नानाची सोय अंगणात पडदा लावून करण्यात आली. दाजी दर अर्ध्या तासाने दार किलकिले करून आत डोकावत आणि विचारणाऱ्याला बाळंतिणीच्या खोलीबाहेर बोलावे तशा आवाजात "अजून न्हाई" असे सांगत. थोडासा गंज आला, पण दाजींच्या मते तो मनापासून आलेला नव्हता.

उकळण्याचा प्रश्न वेगळाच. नळ्या तीस इंच लांब, आणि घरात घंगाळे, हंडे, लग्नातल्या कढया, सर्व काही असूनही तीस इंच लांबीचे भांडे नाही. मनुष्य जे काही शिजवतो ते गोल भांड्यात मावते, हा संसाराचा अनुभव. अखेर लोखंडी पत्र्याची एक लांबट डोणी करून घेतली, अंगणात तीन चुली एका ओळीत मांडल्या, आणि पाणी कोणते घ्यावे याचा खल सुरू झाला. बोअरचे पाणी जड, त्यातला चुना नळीवर डाग पाडणार; म्हणून बाजारातून शुद्ध पाण्याचे जार आणले. याच मुहूर्तावर अक्काची लातूरची नणंद, वन्सं, येऊन पोचल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने आणलेले पाणी ज्यांनी घागरीने मोजून घेतले आहे, त्या लातूरकरांपैकी त्या एक; जारच्या जार चुलीवर चढताना पाहून त्या पायरीवरच थबकल्या. "दादा, आमच्याकडं पाणी रेल्वेनं यायलं होतं," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही इथं बिसलेरीत बंदूक उकडायलात?" दाजींकडे कायद्याची उत्तरे होती, या प्रश्नाला ती लागू पडत नव्हती.

मृगाचा पहिला पाऊस पडला आणि सारे बदलले. त्या रात्री नळी ओसरीवर नुसती टांगून ठेवली होती. सकाळी तिच्यावर नाचणीच्या पिठासारखा बारीक, सारखा, तांबूस थर बसलेला होता. वैशाखातला सारा रुसवा सोडून लोखंड गंजायला राजी झाले होते. तिन्ही चुली पेटल्या, डोणीला खळखळून उकळी आली, आणि दाजींनी नळी आत सोडली. आम्ही सर्व वाकून पाहत होतो. प्रथम काही झाले नाही. मग कडेकडेने तांबडा रंग तपकिरी झाला, तपकिरीचा जांभळट झाला, आणि पाहता पाहता सबंध नळी मखमाली काळी होऊन गेली. वन्संनी सुद्धा पदर सावरून "अगं बाई" म्हटले. हात मात्र कोणीही लावायचा नव्हता, कारण बोटाची चरबी लागली की तिथे रंग धरत नाही. ज्या घरात शेंगदाण्याच्या चटणीवाचून कोणाचे जेवण होत नाही तिथे ही अट पाळणे किती दुष्कर, हे ज्याचे त्याने ओळखावे.

तिसऱ्या की चौथ्या उकळीनंतर दाजींनी घाबऱ्या आवाजात हाक मारली. नळीला तडे गेले होते! बुडापासून टोकापर्यंत, दोन्ही नळ्यांवर, केसाएवढ्या रेषांचे वेटोळे दिसत होते. आम्ही भिंग आणून पाहिले तो प्रकार उलटाच निघाला. जुन्या बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्यांचा पीळ एका गजाभोवती गुंडाळून, तापवून आणि ठोकून ती नळी घडवली होती; लोखंड आणि पोलाद निरनिराळ्या गतीने गंजतात, त्यामुळे रंग चढू लागताच आतली वीण वर उमटली. तीन पिढ्या ज्या नळीला सगळे साधी नळी समजत होते तिच्या अंगावर दमास्कस वेलबुट्टी होती, आणि ती कुंकवाखाली दडून बसली होती. दाजींना झालेला आनंद वर्णन करण्याच्या पलीकडचा. त्यात आम्ही एक वाक्य घातले, ते असे की ग्रंथकारांच्या मते अशा पिळाच्या नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या असून त्यांतून आजची काडतुसे उडवणे जोखमीचे असते. दाजींनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की बंदूक उडवण्याचा विषय या घरात काढणारे आम्हीच पहिले.

आषाढात काम संपले. नळ्यांना तेल चोळले, अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल दिले, आणि चिकटपट्टी सोलून काढली. संपूर्ण बंदूक सर्पाकृती वेलबुट्टीसह काळीभोर, आणि बुडाशी बरोबर दोन इंच, क्रमांक व शिक्क्यांसकट, जुना तांबडा गंज जसाच्या तसा. आठव्या कलमाचे इतके काटेकोर पालन जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केले नसेल. खंडेनवमीला अक्का हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली तेव्हा दाजी नळी आणि वाटी यांच्यामध्ये उभे राहिले. बऱ्याच वाटाघाटींनंतर कुंकू दस्त्याला, तेही कोरडे, असा ठराव झाला. नातवाला फोनवरून फोटो पाठवला गेला. त्याने उत्तरादाखल एक अंगठा पाठवला.

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच निवडणूक जाहीर झाली आणि शस्त्रे जमा करण्याचा हुकूम आला. दाजींनी बंदूक नव्या खोळीत घातली, स्वतः इस्त्रीचा सदरा घातला, आणि आम्हांला साक्षीदार म्हणून बरोबर घेतले. ठाण्यातील कारकून तरुण, नम्र आणि अत्यंत घाईत होता. त्याच्यापुढे परवानाधारकांची रांग होती. त्याने खोळ पुरती काढलीच नाही, परवान्यावरचा क्रमांक ताडून पाहण्यासाठी बंदुकीचे बूड तेवढे उघडे केले, दोन इंचांवर नजर फिरवली, क्रमांक जुळल्याची खूण केली, आणि पावतीवर लिहिले: "दुनळी बंदूक, बारा बोअर, जुनी, गंजलेली, नग एक."

दाजींनी पावती वाचली. मग ती आमच्याकडे दिली. मग त्यांनी कारकुनाला अत्यंत सौजन्याने विनंती केली की खोळ काढून एकवार पाहावे. तोवर बंदूक शिपायाच्या हातून मालखान्यात पोचली होती आणि कुलूप लागले होते. पावतीवरील वर्णनात बदल करायचा असेल तर रीतसर अर्ज द्यावा, असे कारकून म्हणाला, आणि तो कसा असावा हेही त्याने समजावून सांगितले. आम्ही तिथेच बाकावर बसून अर्जाचा मसुदा केला. पेशकारीत घालवलेल्या आयुष्याचे थोडे सार्थक झाले. "सदरहू शस्त्र गंजलेले नसून" इथपर्यंत आल्यावर लेखणी अडली, कारण सत्य सांगायचे तर ते संपूर्णपणे गंजलेलेच होते. म्हणून "सदरहू शस्त्र सुस्थितीत असून" असे लिहिले. अर्ज दाखल झाला, त्यावर आवक क्रमांक पडला, आणि सोबत शस्त्राचे अलीकडील रंगीत छायाचित्र जोडावे, नातवाला पाठवलेले चालणार नाही, शस्त्र प्रत्यक्ष ठाण्यात आणून समक्ष काढलेले हवे, असा शेरा घेऊन तो परत आला.